घरच्या घरी नेटवर्क केबल

अहिल्यानगर जिल्ह्यातील एखाद्या घरी राऊटर ओसरीवर आणि मुलांचा संगणक मागच्या खोलीत असेल, तर हव्या त्या लांबीची केबल स्वतः करता येते. तिच्यातील आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात. हा पीळ बाहेरील विद्युत व्यत्यय निष्प्रभ करतो. ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनसाठी त्याचे पेटंट १८८१ मध्ये घेतले. म्हणून टोकाशी तो अर्ध्या इंचाहून अधिक उकलू नये. दोन्ही टोकांस पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा क्रम ठेवून प्लग क्रिम्पिंगच्या पकडीने दाबावा. हिरव्या जोडीत निळी शिरलेली पाहून काहीजण सर्व जोड्या शेजारी-शेजारी लावतात. टेस्टरचे आठही दिवे लागतात. संदेश मात्र दोन निरनिराळ्या पिळांत विभागून बिघडतो. अशी टोके कापून नवे प्लग बसवावेत. दाबलेला प्लग पुन्हा उपयोगी येत नाही.