आजोबांच्या मोटारीचें मोल

तांब्यापितळेची वांटणी तराजूनें होते, शेताची साखळीनें होते आणि सोन्याची कसोटीच्या दगडावर होते. परंतु कधीं कधीं घरांत अशी एखादी वस्तु निघते कीं, तिला तराजूहि लागू पडत नाहीं आणि साखळीहि. आणि बहुधा तिच्यावरूनच भाऊ भावाशीं बोलेनासा होतो. अशा एका वस्तूची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. ती वस्तु म्हणजे एक जुनी मोटार. तीहि कुटुंबास घेऊन यात्रेस जावयाची नव्हे, तर दोघांनींच बसून वेगानें हांकावयाची, जिला स्पोर्ट्स कार म्हणतात ती.

आमचें कडेगांव मोहरमांतील उंच ताबुतांच्या भेटींकरितां प्रसिद्ध आहे. त्याच गांवांत एका जुन्या वाड्याच्या पडवींत ही मोटार पाऊणशें वर्षें नांदत आहे. त्या घरचे आजोबा तालुक्याच्या कोर्टांत वकिली करीत. १९४९ सालीं मुंबईस मायदेशीं परतणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनीं ती विकत घेतली. एम. जी. कारखान्याची, टी. सी. या जातीची, १९४७ सालची. उंच तारांचीं चाकें, पाठीमागें उभी पेट्रोलची टांकी, आणि चमत्कार असा कीं, वेग दाखविणारें घड्याळ हांकणाऱ्यापुढें नसून शेजारीं बसणाऱ्यापुढें! आजीबाई शेजारीं बसून त्या घड्याळाकडे पाहत आणि वेळोवेळीं वकीलसाहेबांस दटावीत, असें गांवांतील जुनीं माणसें सांगत.

गेल्या वर्षीं या आजोबांचे चिरंजीव वारले आणि मिळकत तिघां भावंडांकडे आली. थोरले पुण्यास इंजिनियर, मधली बहीण मिरजेस दिलेली, धाकटे घरीं राहून शेती पाहणारे. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें पित्याच्या स्वतःच्या मिळकतींत मुलीस मुलाइतकाच वांटा दिला, आणि २००५ च्या दुरुस्तीनें वडिलार्जित एकत्र मिळकतींतहि तिला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. तेव्हां वांटे तीन आणि ते सारखे, याविषयीं कोणाचेंच दुमत नव्हतें. वाद होता तो मोटारीचा.

धाकट्यांस ती हवी होती. लहानपणापासून वडिलांच्या हाताखालीं तिचें वंगणपाणी त्यांनींच केलें होतें. दर दसऱ्यास ती धुऊन, झेंडूची माळ घालून, गांवाबाहेरपर्यंत फिरवून आणण्याचा मानहि त्यांचाच. ते म्हणत, “जी किंमत होईल ती माझ्या वांट्यांतून वळती करा.” पण किंमत कोणती? एका भंगारवाल्यानें लोखंडाच्या भावानें चाळीस हजार रुपये सांगितले. थोरल्यांनीं परदेशांतील एक जाहिरात दाखविली. तींत मागितलेल्या पौंडांचे रुपये केले तर पन्नास लाखांच्या आसपास जात. पहिला आंकडा धरावा तर बहिणीचें व थोरल्यांचें नुकसान. दुसरा धरावा तर धाकट्यांचा मळा आणि विहीर त्या मोटारीच्या पोटांत जाणार! ज्या मळ्यावर संसार चालतो तो सोडून पडवींतील मोटार कोण घेईल? बोलणें खुंटलें. त्या सालीं गणपतीस थोरले घरीं आले नाहींत.

तिघेंहि एके काळीं आमच्या वर्गांतलीं. आम्ही पुण्यास गेलों असतां थोरल्यांनीं विचारलें, “गुरुजी, शास्त्र काय म्हणतें?” मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत ज्या वस्तु वांटूं नयेत म्हणून सांगितल्या आहेत, त्यांत वस्त्र, अलंकार व शिजविलेलें अन्न यांच्या जोडीला ‘पत्र’ असा एक शब्द आहे. पत्र म्हणजे येथें कागद नव्हे. टीकाकार त्याचा अर्थ वाहन असा करितात, आणि मिताक्षरेचा आशय असा कीं, जें वाहन ज्याच्या वापरांतलें तें त्याचें. आम्ही म्हणालों, “मोटार कोणाकडे राहावी याची दिशा शास्त्र दाखवितें, पण तिची किंमत केवढी, हें बाजारासच विचारावें लागेल, आणि तें नीट विचारावें लागेल.” अखेरीस भगिनींनींच तोड काढली. त्या म्हणाल्या, “लोखंड तोलणाराचें नको आणि जाहिरात देणाराचेंहि नको. जाणता माणूस आणा. त्याची फी तिघेंजण सारखी देऊं.”

हा जाणता माणूस पुण्याहून आला. त्याला मोटार घ्यावयाची नव्हती आणि विकावयाचीहि नव्हती. मोल करणाराचा हा पहिला गुण होय. दुसरा गुण असा कीं, मोटार तपासण्यापूर्वीं त्यानें आंकडा उच्चारला नाहीं. प्रथम त्यानें थोरल्यांची जाहिरात हातीं घेतली. “ही मागितलेली किंमत आहे, मिळालेली नव्हे,” तो म्हणाला. लिलावाच्या बातम्यांचेंहि तसेंच. पुकारलेल्या बोलीवर घेणारास लिलाववाल्याची दस्तुरी वेगळी द्यावी लागते आणि छापून येणारा आंकडा पुष्कळदां ती धरून असतो. विकणाराच्या हातीं त्याहून बरेंच कमी पडतें. शिवाय लंडनचा भाव कडेगांवास लागू करणें म्हणजे देवगडच्या आंब्याचा परदेशांतील भाव देवगडच्या झाडाखालीं मागण्यासारखें आहे. मध्यें वाहतूक आहे, जकात आहे, दोन्ही देशांचे नियम आहेत, आणि गिऱ्हाइकांची संख्याहि निराळी आहे.

मोठे आंकडे डोळे दिपवितात, हें खरें. २०२२ सालीं मर्सिडीज कारखान्याची १९५५ सालची एक मोटार साडेतेरा कोटि युरोंस विकली गेली. पण तशा मोटारी जगांत दोनच झाल्या. २०१८ सालीं अमेरिकेंत एका ड्यूसेनबर्ग मोटारीस दोन कोटि वीस लक्ष डॉलर पडले. त्याहि जातीच्या दोनच मोटारी झाल्या, आणि विकलेली मोटार गॅरी कूपर या चित्रपटनटाची होती. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनींहि एक ड्यूसेनबर्ग घेऊन तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून दोन माणसांचा डौलदार सांटा चढविला होता. तशी दुसरी नाहीं. कोल्हापूरच्या दसऱ्यास निघणारी छत्रपतींची मेबॅक मोटार वाचकांपैकीं अनेकांनीं पाहिली असेल. तिच्याकडे पाहतांना लोक मोटार पाहत नाहींत, संस्थानाचा इतिहास पाहतात. दुर्मिळता आणि मालकाचें नांव यांचें मोल असें होतें. उलट टी. सी. जातीच्या मोटारी १९४५ ते १९४९ या काळांत सुमारें दहा हजार झाल्या. आमचे वकीलसाहेब सज्जन होते, परंतु तालुक्याबाहेर त्यांस कोण ओळखी?

मग परीक्षा सुरू झाली. पाहुण्यानें खिशांतून लहानसें लोहचुंबक काढलें आणि पत्र्यावरून फिरविलें. जेथें गंजलेला पत्रा लपविण्यास लांबी भरलेली असेल तेथें चुंबक धरत नाहीं. टी. सी. मोटारीचा सांगाडा लोखंडी असला तरी वरच्या सांट्यास लांकडी चौकट असते. ती त्यानें जागोजागीं ठोकून पाहिली. मागच्या एका खांबास वाळवी लागलेली निघाली. रंग नवा होता व चकचकीत होता. त्याचें त्यास फारसें कौतुक वाटलें नाहीं. तो म्हणाला, “रंग केव्हांहि देतां येतो. मूळचें काय राहिलें आहे, तें मी पाहतों.”

मूळचें काय, हें क्रमांकांवरून कळतें. या जातीच्या मोटारींचे क्रमांक ०२५१ पासून सुरू होतात. कारखान्याच्या दूरध्वनीचा क्रमांक २५१ होता, म्हणून! कारखान्याच्या उत्पादनाच्या नोंदी विलायतेंत जपलेल्या असल्यामुळें सांगाड्याच्या क्रमांकावरून मोटारीचा जन्म पडताळतां येतो. सांगाड्याच्या पुढील टोंकावर ठोकलेला क्रमांक नोंदणीच्या पुस्तकाशीं जुळला. पुस्तकावर ‘तालुका खानापूर, जिल्हा दक्षिण सातारा’ असा पत्ता पाहून पाहुण्यास शंका आली. तेथें आम्हीं त्यास सांगितलें कीं, १९४९ सालीं सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले, दक्षिण भागास १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें, आणि कडेगांव तेव्हां खानापूर तालुक्यांत मोडे. म्हणजे जो पत्ता संशयास्पद वाटला, तोच पुस्तकाच्या खरेपणाचा पुरावा ठरला.

परंतु इंजिनाचा क्रमांक जुळेना. इंजिनावरील पट्टीवर टी. डी. अशीं अक्षरें होतीं. टी. डी. ही त्याच कारखान्याची पुढची जात. ती १९४९ च्या अखेरीस निघाली. तेव्हां १९४७ च्या मोटारींत तें इंजिन मूळचें असणें शक्य नव्हतें. मूळचें इंजिन नसलेल्या मोटारीचें मोल उतरतें. धाकट्यांच्या दृष्टीनें ही गोष्ट फायद्याचीच होती; कारण जितकी किंमत कमी, तितका मळा अधिक उरणार.

पाहुण्यानें विचारलें, “जुने कांहीं कागद आहेत का?” माळ्यावर आजोबांच्या रोजकीर्दी होत्या, पण त्या मोडींत. धाकटेच आमच्याकडे वळून म्हणाले, “गुरुजी, आपण मोडी वाचतां ना?” दोन दिवस आम्ही त्या वह्या चाळल्या. १९५८ सालच्या वहींत नोंद सांपडली कीं, मोटारीच्या इंजिनास चीर गेली सबब मुंबईस दुसरें बसविलें. आणि तिच्याच खालीं, कराड स्टेशनापासून घरापर्यंत जुनें इंजिन आणिल्याबद्दल बैलगाडीचें भाडें!

आम्ही ती ओळ मोठ्यानें वाचली आणि क्षणभर कोणी बोलेना. जुनें इंजिन सांपडलें तर किंमत वाढणार, हें पाहुण्यानें आधींच सांगितलें होतें. आणि वाढलेली किंमत भरावयाची होती ती धाकट्यांसच. ते उठले, कंदिलाऐवजीं हातांत विजेरी घेतली, आणि गोठ्यामागच्या कोठींतील मोडकीं अवजारें व पोतीं एकट्यानें बाहेर काढूं लागले. तासाभरानें तळाशीं तें इंजिन निघालें. त्यावरची अष्टकोनी पितळी पट्टी काळीठिक्कर पडली होती. भगिनींनीं स्वयंपाकघरांतून चिंच आणून ती घासली. क्रमांक पुस्तकांतील क्रमांकाशीं जुळला. थोरले पुण्याहून आलेले होते. ते भावाच्या धुळीनें माखलेल्या सदऱ्याकडे पाहत राहिले, आणि जाहिरातीचा कागद त्यांनीं पुन्हां काढला नाहीं.

पंधरा दिवसांनीं लेखी अहवाल आला. त्यांत एक किंमत नव्हती, तीन होत्या. विम्यासाठीं लागणारी, म्हणजे मोटार नष्ट झाल्यास तशीच दुसरी मिळविण्यास पडेल ती, सर्वांत मोठी. जाणत्या व घाई नसलेल्या गिऱ्हाइकानें जाणत्या व घाई नसलेल्या मालकास द्यावी ती मधली. आठ दिवसांत विकावयाची झाल्यास येईल ती सर्वांत लहान. वांटणीस मधलीच न्याय्य, असें पाहुण्यानें तारीख घालून लिहिलें होतें. वाळवीचा खांब, चिरलेल्या इंजिनाची दुरुस्ती, नोंदणींत दुसऱ्या इंजिनाची नोंद नसणें, यांची वजावट वेगळी दाखविली होती. मूळ इंजिन, १९४९ चें पुस्तक आणि रोजकीर्द यांची वाढहि वेगळी दाखविली होती. आंकडा त्या घरचा आहे, म्हणून आम्ही तो येथें देत नाहीं. इतकेंच सांगतों कीं, तो भंगारवाल्याच्या आंकड्याच्या कित्येक पट होता आणि जाहिरातीच्या आंकड्याच्या निम्म्याहून कमी.

कागदांच्या बाबतींत वाचकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. २०२१ सालच्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या मोटारीस ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळूं शकते. तिच्या क्रमांकांत व्ही. ए. हीं अक्षरें असतात. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये असून ती दहा वर्षें चालते. अशी मोटार प्रदर्शनास, फेरीस, दुरुस्तीस किंवा पेट्रोल भरण्यास रस्त्यावर आणतां येते. रोजच्या वापरास किंवा धंद्यास नाहीं. घेणारा हे कागद प्रथम मागतो. घरांतील जुनीं पुस्तकें, पावत्या व छायाचित्रें रद्दींत घालणें म्हणजे मोटारीचा एखादा भागच मोडून फेंकणें होय.

पुढें तिघांनीं बसून ठराव केला. मोटार धाकट्यांकडे राहावी. मधली किंमत त्यांच्या वांट्यांत धरावी. भावाबहिणीस जें देणें निघेल तें पांच वर्षांत हप्त्यांनीं द्यावें, आणि मळ्यास हात लागूं नये. भगिनींनीं एक कलम आपल्या हातानें वाढविलें: दहा वर्षांच्या आंत मोटार अधिक किंमतीस विकली गेल्यास वरची रक्कम तिघांत सारखी वांटावी. या कलमानें थोरल्यांच्या मनांतील उरलासुरला संशय गेला. मोल अचूक झालें म्हणजे दुसऱ्या दिवशीं तितक्यास वस्तु विकली जाईलच असें नाहीं. तें कसें काढलें हें तिघांसहि दिसलें, आणि तिघांसहि तें पटलें, म्हणून त्यास आम्ही अचूक म्हणतों.

यंदाच्या दसऱ्यास थोरले सहकुटुंब घरीं आले होते. मोटारीस माळ घालून झाल्यावर धाकटे हांकावयास बसले. शेजारच्या जागेवर कोणी बसावें याचा थोडा घोळ झाला. तेव्हां थोरल्यांनीं बहिणीस हातानें पुढें केलें. वेगाचें घड्याळ तिच्यापुढें होतें, आणि वेशीपर्यंत पोंचण्याच्या आधींच तिनें भावास दटावलेलें आम्ही आमच्या कानांनीं ऐकलें.