नाव नको, फळ बघा!

मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकात ओकचे झाड येते आणि पोर विचारते, "आई, हे झाड आपल्याकडे का नाही गं?" नागपूरला मनीषनगरात पाहुणे म्हणून गेलात आणि तिथून गडचिरोलीपर्यंत रान पालथे घातलेत, तरी ओक दिसायचा नाही. तो थंड हवेचा; हिमालयात त्याच्या एका जातीला बांज म्हणतात. पण ओक ओळखण्याची रीत आपल्या बांधावरही कामाची आहे.

जगात ओकच्या चारशेहून जास्त जाती आहेत. काही सदाहरित, काही पानगळीच्या. पाने नाना तऱ्हेची, पण फळ साऱ्यांचे एकाच घाटाचे: वाटीत बसवलेल्या सुपारीसारखे. घराणे ओळखायचे ते अशा खुणेवरून.

आता आपला ऐन आणि अर्जुन बघा. ऐनाला कुठे येन म्हणतात, कुठे सादडा. अर्जुनालाही काही भागांत सादडाच म्हणतात. मग ओळखायचे कसे? ऐनाची साल जाड, काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. कोरड्या रानात वणव्याची धग ती आत जाऊ देत नाही. उन्हाळ्यात पाने गाळून ऐन पाणी वाचवतो. अर्जुन नदीनाल्याकाठचा, त्याची साल गुळगुळीत, पांढुरकी. साल पाहून वाटेल, यांचा काय संबंध? पण फळ हाती घ्या. दोघांनाही पाच पंख! ऐनाच्या पंखावरच्या रेघा सरळ कडेला जातात, अर्जुनाच्या वर वळतात. हिरडा आणि बेहडाही याच घराण्यातले; त्यांच्या फळांना मात्र पंख नाहीत.

हे नाते टसरच्या अळीला ठाऊक आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत ती ऐन-अर्जुनाचा पाला खाऊन कोसा विणते. मणिपूर आणि उत्तराखंडात तिची चुलत बहीण ओकच्या पाल्यावर जगते.

म्हणून बांधावरच्या ऐन-अर्जुनाला कुऱ्हाड लावण्याआधी थांबा. कोसा घ्यायचा विचार असेल, तर जिल्हा रेशीम कार्यालयात चौकशी करा. औषधासाठी अर्जुनाची साल चहूबाजूंनी सोलू नका. पाल्यात तयार झालेले अन्न मुळांकडे जायचे बंद होते आणि उभे झाड वाळते. यंदा मुलांना घेऊन बांधावर जा आणि पंखांचे फळ त्यांच्या हातावर ठेवा.