साडेतीन आट्यांचं पाणी

नांदेडहून हिंगोलीकडे निघालं आणि अर्धापूर मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागतात. कळमनुरी तालुक्यातलं डोंगरकडा येईपर्यंत हिरवं काही डोळ्यांपुढून हटत नाही. मराठवाडा म्हटलं की ज्यांना फक्त टँकर आठवतो, त्यांनी भर उन्हाळ्यात एकदा या वाटेने जावं. मी गेले ती जानेवारीत, रब्बीची पाळी चालू असताना. निमित्त होतं शंकरराव चव्हाणांचं. त्यांच्याबद्दल बोलताना लोक पदं मोजतात: दोनदा मुख्यमंत्री, केंद्रात अर्थमंत्री, गृहमंत्री. मला त्यांचं पाटबंधारे खातं बघायचं होतं, तेही कालव्याच्या भरावावर उभं राहून.

इसापूर धरणाच्या उजव्या कालव्याला पाणी होतं. पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज, पाणीपट्टीची पावती, यादी आणि मग पाळी, हा कागदोपत्री क्रम. प्रत्यक्षात सगळं येऊन थांबतं ते पाटकऱ्यापाशी. इथले पाटकरी साठीला टेकलेले, सगळा शिवार त्यांना मामा म्हणतो. चारीच्या दाराच्या स्क्रूवर त्यांनी बाटलीतलं जळकं ऑइल ओतलं, खांद्यावरची लोखंडी चावी बसवली आणि अंगाचा भार टाकून फिरवायला लागले. एक आटा, दोन आटे. तिसऱ्यानंतर थांबून त्यांनी चारीत काठी उभी धरली, ओल कुठवर चढली ते बोटाने मोजलं आणि आणखी अर्धा आटा दिला.

“धरणात नऊशे चौसष्ट दलघमी,” मामा म्हणाले, “आन् या चारीला साडेतीन आटे. एवढंच आपलं काम, ताई.”

९६४ दशलक्ष घनमीटर हा इसापूरचा उपयुक्त साठा. मामांना तो आकडा तोंडपाठ आहे. दिवसभरात त्यांनी तो मला कितीदा तरी ऐकवला. पाणी भेगाळलेल्या काळ्या रानात शिरलं तसा मातीचा वास उठला. उग्र, थोडा कुजट, गेल्या सालच्या केळीच्या खोडांचा दर्प त्यात मिसळलेला. तो वास अजून नाकातून गेलेला नाही.

शंकररावांचा जन्म १४ जुलै १९२० चा, पैठणचा. हैदराबादला वकिली शिकले, निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरले. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा रस्ते, शाळा, पाणी, सगळ्यातच तो मागे होता. यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात त्यांना आधी महसूल खात्याचं उपमंत्रिपद मिळालं. साठच्या दशकात पाटबंधारे आणि वीज हाती आली आणि मग त्या खात्यावरची मांड त्यांनी दशकभर सोडली नाही. जायकवाडीचं धरण मुळात बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावापाशी घाटत होतं. जागा वर पैठणला सरकली, नाव तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली तेव्हा शंकरराव खात्याचे मंत्री होते. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं तेव्हा ते मुख्यमंत्री होते. एका धरणाच्या दोन्ही टोकांना जबाबदार माणूस म्हणून उभं राहणं किती मंत्र्यांच्या वाट्याला येतं? सचिवालयात त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत. फाईल ओळीओळीने वाचणारा, वेळ पाळणारा आणि सहसा न हसणारा मंत्री अधिकाऱ्यांना जड जायचा. धरणासारख्या दहा-वीस वर्षं चालणाऱ्या कामाला असाच माणूस लागतो, असं माझं ठाम मत आहे.

पण त्यांची खरी कसोटी धरणं बांधण्यात लागली नाही. ती पाणी वाटण्यात लागली. १९८६ ते १९८८ या दुसऱ्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात त्यांनी आठमाही सिंचनाचा आग्रह धरला. खरीप आणि रब्बीला पाणी द्यायचं, बारमाही पिकाला बांधून द्यायचं नाही, म्हणजे तेवढ्याच साठ्यात जास्त शेतं भिजतील. ऊसवाल्यांना हे रुचणं शक्य नव्हतं. साखरेवर उभ्या असलेल्या राजकारणात अशी भूमिका घ्यायला धाडस लागतं, आणि त्याची किंमतही मोजावी लागते.

डोंगरकड्याच्या भरावावर उभं राहिलं की या वादाच्या दोन्ही बाजू एकदम दिसतात. केळी आणि ऊस, दोन्ही बारमाही. बागवाल्यांना दोष देणं सोपं आहे. ते म्हणतात, आम्ही कालव्यावर नाही, विहिरीवर आणि ठिबकवर बाग करतो. खरं आहे. मात्र त्या विहिरींचे झरे कालव्याच्या पाझरानेच जिवंत राहतात, हेही तेच सांगतात. नऊशे चौसष्टमधला हा पाझर सात नंबरच्या कुठल्याच अर्जावर येत नाही. त्याची पाणीपट्टीही नाही. एका बागेत निळ्या पिशव्या घातलेले घड वाकून आले होते, बुंध्यांना बांबूचे टेकू होते. या एकेका घडामागे लेकरांच्या शाळेची फी आहे, मुलीचं लग्न आहे. ते पीक उपटा असं कोण म्हणेल? मी तरी म्हणणार नाही.

दुपारी चारीच्या शेवटाकडून एक शेतकरी मोटारसायकलवर आला. टेलचा माणूस. वरच्यांनी रात्री दार उचलून घेतलं, त्याच्याकडे पाणी पोचलंच नाही, अशी तक्रार. मामा त्याच्याशी आवाज चढवून बोलले नाहीत. शेजपाळीची, म्हणजे कुणाची पाळी कधी त्याची, वही काढली, त्याचा नंबर शोधला, आणि वरचं दार एक आटा बसवायला निघाले. तिथल्या बागवाल्याने हटकलं तेव्हा मात्र मामांचा आवाज चढला. “त्याचा हरभरा फुलात हाय. तुझ्या केळीला हीर हाय की नाई?” बागवाला पुटपुटला, पण बाजूला झाला.

मी टेलच्या शेतकऱ्याला विचारलं, वर्षभर पाणी मिळालं तर काय लावाल? मला वाटलं, केळीच म्हणेल.

“वर्षभर कशाला?” तो म्हणाला. “दोन पाळ्या टायमावर द्या. दोन एकर हरभरा हाय, बाकी माझं मी बघतो.”