बोर्ड बंद पडला म्हणून गिटार भंगारात का?

लग्नसराई आली की नांदेड-लातूरकडे ऑर्केस्ट्रा, बँड आणि कव्वाली पार्टीवाल्यांची धांदल उडते. पूर्वी या मंडळींचे सामान म्हणजे हार्मोनियम, ढोलक, बेंजो आणि एक भोंगा. बेंजोची तार तुटली तर बदलली, बटण अडकले तर कानशीने घासले, की काम चालू. आता स्टेजवर कीबोर्ड आले, ऑक्टोपॅड आले आणि अधूनमधून संगणकाचा मेंदू असलेली गिटारही दिसू लागली. ती बंद पडली की मालक हैदराबादची किंवा मुंबईची गाडी धरतो. दुरुस्तीचा पैसा जिल्ह्याबाहेर जातो आणि कार्यक्रमाची तारीखही हुकते. हे काम येथेच होऊ शकते, असे आमचे मत आहे.

वाद्यांच्या बाबतीत उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे आम्ही जाणतो. त्या चर्चेत आम्ही पडत नाही. ज्याला हे काम मनाला पटत नाही, त्याने हाच हुनर इन्व्हर्टर किंवा शिलाई मशीनच्या बोर्डावर वापरावा. सोल्डरिंग आयर्न तेच आहे.

ही गिटार साध्या इलेक्ट्रिक गिटारपेक्षा वेगळी कशी, ते आधी पाहू. साध्या गिटारीत तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेढे असतात. त्याला पिकअप म्हणतात. त्यात बिघडण्यासारखे फार काही नसते. जपानच्या रोलँड कंपनीने १९९५ साली व्हीजी-८ नावाचे यंत्र काढले आणि गिटारच्या आवाजाची डिजिटल नक्कल सुरू झाली. पुढे कॅलिफोर्नियाच्या लाइन सिक्स कंपनीने व्हॅरिअ‍ॅक्स नावाची गिटार आणली. तिच्यात ते यंत्र गिटारच्या पोटातच बसवलेले होते. प्रत्येक तार ज्या घोडीवर टेकते, त्या घोडीत पिझो नावाचा स्फटिक असतो. स्फटिक दाबला की वीज निर्माण होते, हा शोध क्युरी बंधूंनी १८८० साली लावला होता. सहा तारांचे सहा वेगळे संकेत बोर्डावर जातात आणि बोर्ड त्यांना हव्या त्या गिटारचा आवाज चढवतो. बटण फिरवले की लाकडी गिटार, पुन्हा फिरवले की बारा तारांची गिटार, अमेरिकन बेंजो, इतकेच काय, सतारसुद्धा!

ही सतार मात्र आपली नव्हे. १९६७ साली अमेरिकेत कोरल नावाची एक इलेक्ट्रिक सतार निघाली होती, तिची ही नक्कल आहे. म्हणजे नकलेची नक्कल. मिरजेच्या शिकलगारांनी जवारी घासून काढलेला आवाज या चिपमध्ये शोधू नये.

आमच्या घरात अशी एक पहिल्या पिढीची गिटार आहे. पुतण्याने ती हैदराबादहून जुनी घेतली. वर्षभरात तिची तिसरी तार मुकी झाली आणि काही दिवसांनी सगळीच गिटार गप्प झाली. एका मोठ्या शहरातील दुकानाने ती चार दिवस ठेवून घेतली आणि सांगितले, ‘पूर्ण बोर्ड गेला, नवा मिळणार नाही, मिळालाच तर गिटारपेक्षा महाग पडेल.’ उघडल्याची खूण तर एकाही स्क्रूवर नव्हती. शेवटी नांदेडच्या इतवाऱ्यात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका मुलाने ती उघडली. गिटार त्याने आयुष्यात कधी हातात धरली नव्हती.

पहिल्या नजरेतच बॅटरीच्या पेटीत हिरवट बुरशी दिसली. सेल फुटून त्यातील रसायन पत्तीवर चढले होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, एवढ्यावर ते साफ झाले. जॅकच्या पायाशी सोल्डरला केसाएवढी भेग होती, ती त्याने पुन्हा भरली आणि गिटार बोलू लागली. राहिली तिसरी तार. तिचा आणि चौथ्या तारेचा प्लग त्याने बोर्डावर अदलाबदल करून लावला. बिघाड बोर्डात असता तर आता चौथी तार मुकी झाली असती. पण मुकी राहिली ती तिसरीच. म्हणजे बोर्ड शाबूत, दोष घोडीपासून बोर्डापर्यंतच्या वायरीत. लाकडाच्या छिद्राच्या कडेला घासून ती वायर तुटली होती. जाळीचे आवरण असलेली बारीक वायर जोडून काम झाले. येथे साधी वायर चालत नाही, घरघर येते. तीन तासांचे काम होते, आणि मोठ्या दुकानाने त्यालाच बोर्ड गेला म्हटले होते.

हे काम शिकणाऱ्याने काही गोष्टी नीट समजून घ्याव्यात. नव्या बोर्डांवर बिनशिशाचे सोल्डर असते. ते २१७ अंशांच्या आसपास वितळते, जुने शिसेवाले १८३ अंशांवर. आयर्नची उष्णता बेताबाताने वाढवावी, नाहीतर पट्टी उखडते. पिझोला फार वेळ उष्णता देऊ नये. कंपनीने दिलेला नवा प्रोग्राम बोर्डावर चढवताना मध्येच वीज गेली तर चांगला बोर्ड मुका होऊ शकतो. आपल्याकडची वीज सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा चार्ज केलेला लॅपटॉपच वापरावा.

मालकांसाठीही दोन गोष्टी. जॅक खोचला की ही गिटार चालू होते. कार्यक्रम संपल्यावर केबल तशीच ठेवली तर सेल रात्रभरात उतरतात आणि कारागिराकडे ‘बंद पडली’ म्हणून येतात. तिच्या कडेला इंटरनेटच्या केबलसारखा एक चौकोनी सॉकेट असतो. त्यात विजेचा प्रवाह असतो, म्हणून तो राउटरला किंवा संगणकाच्या नेटवर्कला कधीही जोडू नये. पहिल्या पिढीच्या या गिटारींत लोहचुंबकाचा पिकअप नव्हताच, त्यामुळे वीज गेली की आवाज पूर्ण बंद. नंतरच्या काही गिटारींत तो बसवला गेला. भर मांडवात बॅटरी संपली तरी त्या साध्या गिटारसारख्या वाजतात. जुनी घेणार असाल तर हा फरक पाहूनच भाव ठरवा. सहाही तारा प्रत्येक आवाजावर वाजवून पाहा आणि बॅटरीची पेटी उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

खरी गंमत पुढेच आहे. परदेशात हौशी लोक असा बोर्ड घोडीसकट काढून दुसऱ्या, आवडत्या गिटारीत बसवतात. याला सुतार आणि इलेक्ट्रॉनिक कारागीर दोघेही लागतात. लाकडात खण खोदायचा, तारांचे अंतर जुळवायचे, आणि घोडी अशा जागी बसवायची की वरच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर एकूण लांबीच्या बरोबर निम्मे राहील. दोन मिलिमीटर चुकले तरी गिटार बेसूर. लातूरच्या एका फर्निचर कारागिराला आम्ही हे समजावून सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, ‘‘शेठ, दरवाज्याची बिजागरी याहून अवघड असते.’’ बोर्ड गेलेली पण लाकूड चांगले असलेली गिटार, आणि लाकूड फुटलेली पण बोर्ड चांगला असलेली गिटार, दोन्ही बाजारात मातीमोल विकतात. दोन घेऊन एक उभी करण्यात खरी कमाई आहे. आम्ही कपड्यात हेच करत आलो. डागी थानातला चांगला तुकडा वेगळा काढणाऱ्यालाच नफा राहतो.

आपल्या समाजाला हे नवे नाही. मिरजेचे शिकलगार हत्यारांना धार आणि पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातील फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये करायला घेतली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. जो बेंजो आपल्या कव्वालीत वाजतो, तो जपानच्या नागोया शहरात १९१२ साली निघालेल्या ताइशोगोतो या वाद्याचा भाऊ. आपल्या कारागिरांनी त्याला पिकअप बसवला आणि स्टेजवर चढवले.

अडचण सुट्या भागांची आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे पोर्टल सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे धरली होती. वाद्यांचे वेगळे नाव त्यात नव्हते. तोपर्यंत जॅक, स्विच, पॉट, रिबन केबल हा किरकोळ माल हैदराबादच्या कोठीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणून ठेवावा. चिपचे काम आपल्याकडे होत नसेल तर गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी तसे साफ सांगावे. वस्तू घेताना पावतीवर आतील बोर्डाचा नंबर लिहून द्यावा आणि उघडलेली गिटार त्याला दाखवावी. पुतण्याच्या गिटारीचे त्या इतवाऱ्यातल्या मुलाने सहाशे रुपये घेतले. यंदाच्या लग्नसराईत त्याच्याकडे दोन कीबोर्ड आणि एक ऑक्टोपॅड आले आहेत, त्यातला एक कीबोर्ड थेट उदगीरहून.