वसंतातील लागवड : झाशीचे अंगण आणि गच्ची

घरगुती बागेविषयीच्या पुस्तकांत वसंत हा लागवडीचा सर्वांत सोपा ऋतू म्हणून सांगितलेला असतो. थंड देशांत ते खरेही आहे, कारण तिथे वसंतामागून सौम्य उन्हाळा येतो. झाशीत वसंतामागून मे महिना येतो. तापमान पंचेचाळीस अंशांवर जाते आणि दुपारी लू वाहते. पाऊस जूनच्या अखेरीपर्यंत येत नाही. म्हणून या पाठात आपण प्रश्न थोडा उलटा विचारू : आज कोणते रोप सुंदर दिसेल, हे न विचारता जूनच्या वीस तारखेला कोणते रोप जिवंत असेल, असे विचारायचे.

हाताशी किती दिवस असतात?

झाशीत थंडीचा शेवटचा झटका फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत येऊ शकतो. त्यानंतर तापमान झपाट्याने चढते. मार्चमध्ये दुपारचा पारा तिशीपार जातो आणि एप्रिलच्या उत्तरार्धात चाळिशीला टेकतो. नव्या रोपाची मुळे पिशवीतल्या मातीबाहेर पडून आजूबाजूच्या जमिनीत पसरायला सहा ते आठ आठवडे लागतात. एप्रिलअखेरपासून आठ आठवडे मागे मोजा, म्हणजे मार्चचा पहिला आठवडा येतो. मोगरा, जास्वंद, कण्हेर, मधुमालती, बोगनवेल यांसारखी कायमची झाडे फेब्रुवारीच्या मध्यापासून तोपर्यंत लावून संपवावीत. त्यानंतर लावायचेच असेल, तर सरळ जुलैची वाट पाहावी. आंबा, लिंबू यांसारखी मोठी होणारी झाडे तर पावसाळ्यातच लावलेली बरी.

याच काळात रोपवाटिका पिटुनिया, डेलिया आणि कॅलेंडुला यांच्या फुललेल्या कुंड्यांनी भरलेल्या असतात. मोह होतो. पण ही हिवाळी हंगामी फुले आहेत. मैदानी उत्तर भारतात त्यांची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, म्हणजे मार्चमध्ये तुम्ही त्यांच्या आयुष्याचा शेवटचा महिना विकत घेता. त्याच पैशांत झिनिया, पिवळा कॉसमॉस, सूर्यफूल आणि पोर्टुलाका यांचे बी आणून पेरा. ही मंडळी उन्हाला सरावलेली आहेत. भाजी हवी असल्यास भेंडी, गवार आणि दोडका फेब्रुवारीअखेर पेरता येतात.

पाण्याचा हिशेब

हा भाग नीट समजून घ्या, कारण बहुतेक बागा इथेच फसतात. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मे महिन्यात या भागात उघड्या पाण्याचे बाष्पीभवन दिवसाला १० मिलिमीटरच्या आसपास असते. पानांनी पूर्ण झाकलेला वाफा याच्या साधारण ७० ते ८० टक्के पाणी वापरतो असे धरू. मग १० चौरस मीटरच्या छोट्याशा हिरवळीला रोज ७० ते ८० लिटर लागतील, महिन्याला दोन हजार लिटरांहून जास्त. फेब्रुवारीत ही गरज निम्म्याहूनही कमी असते, आणि गफलत होते ती तिथेच : बाग आखली जाते फेब्रुवारीतल्या पाण्यावर, आणि जगवावी लागते मेमधल्या पाण्यावर. ज्या प्रदेशात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो आणि दुष्काळ नवा नाही, तिथे अंगणभर हिरवळ हा माझ्या मते अनाठायी खर्च आहे.

बुंदेलखंडात लाल आणि काळी अशा दोन्ही जमिनी आढळतात. हलक्या लाल जमिनीला इथे राकड आणि पडुआ म्हणतात, काळीला काबर आणि मार. हलक्या जमिनीत पाणी लवकर निचरते. रोपवाटिकेतले रोप पुष्कळदा चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात येते. तो गोळा तसाच लाल मातीत पुरला, तर पाणी बाजूने खाली जाते आणि गोळा आतून कोरडाच राहतो. वरून ओले दिसणारे रोप तहानेने मरते. म्हणून गोळ्याच्या कडा हाताने सैल कराव्यात, खड्ड्यातल्या मातीत शेणखत मिसळावे आणि आळे करून त्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. कडुनिंबाची पानगळ याच सुमारास होते, त्यामुळे तो पाला फुकटच मिळतो. दोन-तीन रोपांच्या मध्ये झिलई नसलेला छोटा माठ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवला, तर पाणी पाझरत थेट मुळांशी पोहोचते.

सावलीची जागा

झाशीचा राणीमहाल पाहिला असेल, तर त्याचा चौक आठवा. नेवाळकरांच्या काळात, अठराव्या शतकात बांधलेल्या या दुमजली इमारतीच्या मधल्या चौकात एका बाजूला दोन छोट्या विहिरी आणि दुसऱ्या बाजूला कारंजे आहे. चहूबाजूंच्या भिंतींमुळे अशा चौकाच्या कोणत्या ना कोणत्या भागावर सावली असते, आणि पाणी हाताशी. मराठी वाड्यातली तुळसही अशाच चौकात असते. आजच्या बंगल्यात तेच वृंदावन फाटकाजवळ, सिमेंटच्या फरशीवर दिवसभर तापत उभे असते. मग तुळस करपली की दोष रोपाला! तुळस, जास्वंद आणि मोगरा पूर्वेच्या बाजूला लावा, म्हणजे दुपारनंतर घराची सावली त्यांच्यावर येईल. पश्चिमेची भिंत सर्वाधिक तापते. तिथे मधुमालती किंवा बोगनवेल चढवली, तर भिंतही थोडी निवते.

गच्चीवर वजन आधी

गच्चीवर माती चढवण्यापूर्वी गणित करा. भारतीय मानक ८७५ (भाग २) नुसार वावर असलेल्या गच्चीसाठी धरलेला चल भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो असतो, आणि त्यात माणसेही आली. ओली माती घनमीटरला १,६०० ते १,८०० किलो भरते. म्हणजे केवळ १० सेंटिमीटर जाडीचा सलग थरसुद्धा ही मर्यादा ओलांडतो. तेव्हा सलग वाफे नकोत, कुंड्याच ठेवा, आणि त्याही भिंतींच्या किंवा तुळयांच्या रेषेवर. या भागातल्या जुन्या घरांची छपरे गर्डरवर टेकवलेल्या दगडी पट्ट्यांची असतात. दगड फारसा वाकत नाही, पूर्वसूचना न देता तडकतो. अशा छपरावर दोन गर्डरांच्या मधोमध जड कुंडी कधीही ठेवू नये. माती, शेणखत आणि कोकोपीट समभाग घेतल्यास वजन बरेच उतरते. 

काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या उन्हात मुळांना भाजतात. मातीची कुंडी घामासारखी पाझरून थंड राहते, पण म्हणून तिला पाणी जास्त लागते. मे महिन्यात ३० सेंटिमीटरच्या एका कुंडीला दिवसाला दीड-दोन लिटर धरा. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, खाली विटा द्या आणि एप्रिलच्या मध्यापासून वर ५० टक्क्यांची हिरवी जाळी ताणा. पाणी सकाळी लवकर द्यावे.

स्वाध्याय : तुमच्या गावचे मे महिन्याचे बाष्पीभवन आणि घरात रोज बागेसाठी उरणारे पाणी शोधा. त्यावरून अंगणात किती चौरस मीटर वाफा आणि गच्चीवर किती कुंड्या पोसता येतील ते काढा, आणि मगच रोपांची यादी करा.