कुंडीतला हिरवा ढेकूण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीसारख्या वसाहतीत गॅलरीच्या ग्रिलमध्ये तुळशीच्या शेजारी टोमॅटो, मिरची, चवळी, तोंडलीचा वेल अशी छोटी बाग अनेकजण फुलवतात. पावसाळा सरत आला की या रोपांवर नखाएवढा, ढालीच्या आकाराचा हिरवा किडा दिसू लागतो. हात लागताच तो उग्र वास सोडतो. बोलीत त्याला पादरा किडा म्हणतात, शेतीच्या पुस्तकांत हिरवा ढेकूण. तो दिसला की पहिला प्रश्न असतो, ‘कुठलं औषध मारू?’ कुंड्यांमधल्या मोजक्या रोपांसाठी या किडीवर विषारी फवारणी हा सर्वांत कमकुवत उपाय आहे, असे माझे ठाम मत आहे आणि त्याची कारणे किडीच्या जीवनक्रमातच सापडतात.

आधी भीतीचे बोलू, कारण घाईची फवारणी बहुतेक वेळा भीतीपोटीच होते. हा किडा गादीत शिरेल, माणसाला चावेल, असे अनेकांना वाटते. 1758 साली लिनियसने त्याचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा त्यालाही खाटेतल्या ढेकणाच्याच प्रजातीत, सायमेक्समध्ये, बसवले होते. पुढे ही दोन कुळे वेगळी ठरली. आज त्याचे नाव नेझारा विरिड्युला आहे. तो वनस्पतींचा रस पितो, रक्त पीत नाही. रात्री घरात आलाच तर दिव्याच्या उजेडाला भुलून येतो. त्याच्या वासात असलेली काही द्रव्ये कोथिंबिरीच्या वासातही असतात. हाताला लागली तर साबणाने धुवावे आणि तोच हात डोळ्यांना लावू नये, एवढी काळजी पुरते. एक चिरडला की वासाने दहा येतात, हाही गैरसमजच आहे. तो वास धोक्याचा इशारा असतो, त्याने बाकीचे पांगतात. परदेशी व्हिडिओंत थंडीच्या दिवसांत घराघरांत घुसणारे जे तपकिरी किडे दाखवतात, ती जात पूर्व आशियातून अमेरिकेत गेलेली वेगळी आहे. तिच्यावरचे उपाय आपल्या गॅलरीत जसेच्या तसे लागू होत नाहीत.

नुकसानीचा आळही बऱ्याचदा चुकीच्या किड्यावर येतो. पानाला भोके पडली असतील तर ते काम अळीचे किंवा भुंगेऱ्याचे. ढेकणाला चावायला जबडेच नसतात. सुईसारखी सोंड खुपसून तो कोवळी शेंग, फळ, शेंडा शोषतो. त्यामुळे टोमॅटोवर फिकट पिवळसर डाग पडतात, त्याखालचा गर पांढरा आणि बुचासारखा होतो. चवळीच्या शेंगेतले दाणे सुरकुततात. असा टोमॅटो सडलेला नसेल तर डागाचा भाग कापून खायला हरकत नाही.

आता मुख्य मुद्दा. मादी पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते. एका पुंजक्यात साधारण 30 पासून 130 पर्यंत अंडी असतात. ती फिकट पिवळसर, इवल्या पिंपांसारखी, वर गोल झाकण असलेली आणि ओळीने चिकटवलेली असतात. बाहेर आलेली पिल्ले पहिले काही दिवस त्या रिकाम्या टरफलांवरच दाटीने बसून राहतात आणि रोपाला सोंडही लावत नाहीत. नंतर ती काळी होतात, अंगावर पांढरे-लाल ठिपके येतात. अनेकजण त्यांना वेगळाच किडा समजून सोडून देतात. पाच वेळा कात टाकेपर्यंत त्यांना उडता येत नाही. म्हणजे पुंजका असलेले एक पान खुडले की शंभरेक ढेकूण एकदम संपतात. फवारा मात्र पानाच्या वरून जातो, खालची अंडी वाचतात, उडता येणारे प्रौढ सटकतात आणि औषधाचा जोर ओसरला की परततात. प्रौढांसाठी मगभर पाण्यात थोडा भांडी घासायचा साबण घालावा. सकाळी ते सुस्त असतात आणि धक्का लागला की खाली टपकतात. मग पानाखाली धरून फांदी हलवली की काम होते.

फवारणीने मित्रही मरतात, आणि ही हानी मला जास्त गंभीर वाटते. ट्रिसॉल्कस नावाची मुंगीहून बारीक गांधीलमाशी ढेकणाच्या अंड्यात आपले अंडे घालते. 1933 मध्ये ऑस्ट्रेलियाने याच ढेकणासाठी ती इजिप्तहून मुद्दाम नेली होती. पुंजका काळपट पडलेला दिसला तर तो खुडू नये, त्यातून बहुधा ढेकणाऐवजी त्याचा शत्रूच बाहेर पडणार असतो. शिवाय ढालीच्या आकाराचा प्रत्येक किडा रोपाचा वैरी नसतो. खांद्यावर काटे असलेला, जाड सोंडेचा तपकिरी इओकँथेकोना अळ्या शोषून खातो. विदर्भात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरचे रेशीमकिडे पाळणाऱ्यांना तो नकोसा आहे, कारण तिथल्या अळ्या हेच त्यांचे पीक. मिरचीच्या कुंडीत मात्र तोच उपयोगी पडतो.

यावर आक्षेप येतील. निंबोळी अर्क तर नैसर्गिक आहे, मग तो का नको? वापरावा, पण त्याच्याकडून योग्य तेवढीच अपेक्षा ठेवावी. तो पिल्लांची वाढ आणि भूक बिघडवतो, प्रौढाला तडकाफडकी मारत नाही. उन्हाने काही दिवसांत निष्प्रभ होतो, पावसाने धुऊन जातो. दुसरा आक्षेप असा की शेतकरी फवारतात, मग आपणच का नाही? एकरभर शेतात पाने उलटून पाहणे शक्य नसते, ही त्यांची खरी अडचण आहे, आणि तिची किंमत काय असू शकते हे 2017 साली यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने गेलेल्या बळींनी दाखवले. गॅलरीत ती अडचण नाही. तिथे वाळत घातलेले कपडे असतात, आत स्वयंपाकघर असते, मुले खेळतात. फवारणीनंतर फळ किती दिवस तोडायचे नाही हे औषधाच्या माहितीपत्रकावर छापलेले असते, पण रोज दोन मिरच्या तोडणाऱ्या घरात ते पाळले जाणे अवघड. शेजारच्या गॅलरीतून ढेकूण पुन्हा येतील हे मान्य. पण मग ते फवारणीनंतरही येतीलच. म्हणून सोसायटीत बाग करणाऱ्यांना आग्रहाची विनंती आहे: सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आठवड्यातून दोनदा पाने उलटून पाहा आणि पिवळसर पुंजका दिसला की शेजाऱ्यालाही दाखवा.