अर्जातील अक्षरे आणि वाचनाचा संकेत

बंगळूरच्या दक्षिण सीमेवरील इलेक्ट्रॉनिक सिटी ही उद्योगवसाहत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कर्नाटक शासनाच्या ‘किऑनिक्स’ ह्या महामंडळाने वसविली. तेथील आयआयआयटी ह्या संस्थेत २०१८ साली ‘मोसिप’ ह्या मुक्तस्रोत ओळखप्रणालीचे कार्य सुरू झाले. मोरोक्को, फिलिपीन्स व इथिओपिया ह्या देशांनी नागरिकांच्या नोंदणीसाठी तिचा अवलंब केला आहे. अरबी, रोमन, इथिओपिक अशा भिन्न लिपींतील नावे अशा प्रणालीस स्वीकारावी लागतात. संगणकावरील अर्जात लिहिलेले नाव दूरच्या सर्व्हरपर्यंत अविकृत कसे पोहोचते, हा प्रश्न वरवर केवळ यंत्रविद्येचा वाटतो. वस्तुतः तो पाठाच्या शुद्धतेचा प्रश्न होय.

अर्ज पाठविला जातो तेव्हा अक्षरे प्रवास करीत नाहीत. प्रवास करतात ते अंक. ० ते २५५ ह्या मर्यादेतील असा एकेक अंक म्हणजे बाइट. युटीएफ-८ ह्या १९९२ साली सिद्ध झालेल्या संकेतानुसार देवनागरीतील ‘म’ हा वर्ण २२४, १६४, १७४ अशा तीन बाइटांनी दर्शविला जातो. ‘मराठी’ ह्या शब्दात काना व वेलांटी धरून पाच घटक आहेत. त्यांचे पंधरा बाइट होतात. मात्र हे बाइट कोणत्या संकेताने वाचावयाचे, ह्याची नोंद ब्राउझर सामान्य अर्जासोबत बहुधा पाठवीत नाही. पान ज्या संकेतात आले त्याच संकेतात तो उत्तर धाडतो आणि वाचणाऱ्यास ते ठाऊक असेल असे गृहीत धरतो.

जावा भाषेतील सर्व्हलेट ह्या व्यवस्थेत ह्या मौनाचा अर्थ दीर्घकाळ ठरलेला होता: संकेत सांगितला नसेल तर पश्चिम युरोपीय भाषांसाठी आखलेला आयएसओ ८८५९-१ हा संकेत मानावा. त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. परिणामी ‘म’ च्या जागी तीन परकी चिन्हे उमटतात: खूण असलेला रोमन ‘ए’, चलनाचे चिन्ह आणि नोंदणीकृत व्यापारमुद्रेची खूण. ह्यावर उपाय म्हणून २००१ च्या २.३ ह्या आवृत्तीत ‘सेटकॅरेक्टरएन्कोडिंग’ ही आज्ञा विनंतीवर देण्याची सोय झाली. तिची अट एकच, परंतु कठोर आहे. अर्जातील पहिले मूल्य वाचण्यापूर्वीच ती दिली पाहिजे; एकदा वाचन झाले की नंतरची आज्ञा निष्फळ ठरते. म्हणूनच ती प्रत्येक पानात विखरून न लिहिता सर्व विनंत्या ज्यातून जातात अशा गाळणीत, म्हणजे फिल्टरमध्ये, आरंभीच देण्याचा प्रघात पडला. २०१७ च्या ४.० ह्या आवृत्तीपासून संपूर्ण कार्यप्रणालीसाठी हा संकेत एकदाच घोषित करता येतो.

ही आज्ञा केवळ विनंतीच्या अंतर्भागास लागू होते. पत्त्याच्या ओळीतून येणारा शोधशब्द सर्व्हरच्या स्वतंत्र व्यवस्थेनुसार वाचला जातो; टॉमकॅट ह्या सर्व्हरमध्ये आठव्या आवृत्तीपूर्वी तेथेही आयएसओ ८८५९-१ हाच पूर्वनियोजित संकेत होता. त्यामुळे ग्रंथसूचीत शीर्षक शुद्ध नोंदले जावे आणि त्याच शीर्षकाचा शोध मात्र रिकामा परतावा, असे घडू शकते. ग्रंथ कपाटात असतो, पण अभ्यासकाच्या लेखी तो नसतो.

पाठभ्रंशाचे येथे दोन प्रकार संभवतात आणि त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. बाइट चुकीच्या संकेताने वाचले गेले, पण एकही गळाला नाही, तर ती चिन्हे पुन्हा बाइटांत परतवून योग्य संकेताने वाचता येतात. हा लेखनिकाचा नियमित, उलगडणारा प्रमाद होय. परंतु देवनागरी शब्द आयएसओ ८८५९-१ मध्ये लिहून ठेवण्याचा प्रयत्न झाला, तर त्या संकेतात नसलेल्या प्रत्येक घटकाजागी प्रश्नचिन्ह बसते. ‘मराठी’ ची पाच प्रश्नचिन्हे होतात, आणि पाच घटकांच्या कोणत्याही देवनागरी शब्दाचीही तीच. हे पोथीचे हरवलेले पान होय. कोणत्याही पाठचिकित्सेने ते परत मिळत नाही.

मोडी लिपीच्या संदर्भात हा धोका अधिक जवळचा आहे. युनिकोडच्या ७.० ह्या आवृत्तीत २०१४ साली तिला स्थान मिळाले. तिच्या प्रत्येक वर्णास युटीएफ-८ मध्ये चार बाइट लागतात. मायएसक्यूएल ह्या माहितीसंग्रह प्रणालीत ‘युटीएफ८’ ह्या नावाने दीर्घकाळ वावरलेला संकेत मात्र तीनच बाइटांचा होता. चार बाइटांचा संकेत तेथे २०१० साली स्वतंत्र नावाने आला. म्हणजे देवनागरी मजकूर निर्धास्तपणे नोंदला गेला एवढ्यावरून मोडी दप्तरही तेथे सुरक्षित राहील, असा निष्कर्ष काढता येत नाही. अर्ज, सर्व्हर व संग्रह ह्या तिन्ही ठिकाणी संकेत स्पष्टपणे घोषित असणे, आणि तो प्रत्यक्ष त्या त्या लिपीतील शब्दाने तपासलेला असणे, ही भारतीय भाषांतील प्रत्येक सूचीची प्राथमिक आवश्यकता आहे.